चंद्रामावशीची मुंगी

"पडली तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"कुठं असणार? दारातच. तांदूळ निवडत होते."

"आणि तरी दिसलं नाही?"

"दिसलं की. ओट्यावरून पडली, उठली, फ्रॉक झटकला आन् हसली. रडली असती तर उचलून घेतली नसती का मी?"

"हसली?"

"हसली. वर मलाच सांगते, मावशी, मुंगी मेली."

"तेच! तेच म्हणतेय मी. ही तुमची मुंगी!" नसीमने लेकीचा उजवा हात धरून पुढे केला. बोटांपासून कोपरापर्यंत पांढरंशुभ्र प्लास्टर. "चार वर्षांच्या पोरीचं मनगटाचं हाड दबलंय आणि पोरगी हसते. काल सकाळी आंघोळीला फ्रॉक काढायला गेले तर बाही निघेना, तेव्हा कळलं मला. हे एवढं सुजलं होतं."

"रातभर तुझ्याच कुशीत होती ना? तुला नाय कळलं?"

हे बरोबर वर्मी लागलं. नसीमचा आवाज एक पायरी खाली आला. "मला वाटलं, झोप आलीये म्हणून डाव्या हाताने जेवतेय."

"मंग मला वाटलं, हसतीय म्हंजे बरी हाय."

"बघणं तुमचं काम आहे!"

"आन् तुझं?"

ओट्यावर पोरं ओळीने बसली होती. कुणाच्या हातात बिस्किट, कुणाच्या तोंडात फ्रॉकची लेस. एका सनीला सोडलं तर कुणी हलत नव्हतं. सनीला हे भांडण नीट दिसावं म्हणून तो उभा राहिला होता. आणि जिच्यावरून भांडण चाललं होतं ती फलक प्लास्टरवर नखाने टकटक करून बघत होती, आवाज कसा येतो ते.

पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या कॉलनीत चंद्रभागा गांगुर्डेचं पाळणाघर सगळ्यांना माहीत आहे. पाटी नाही. सकाळी गल्लीत शिरलं आणि ज्या दारासमोर सर्वांत जास्त छोट्या चपला दिसतील, ते तिचं घर. दोन खोल्या, मोरी, पुढे तो ओटा. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली खुंट्या, प्रत्येक खुंटीला एक पिशवी. पोरं तिला मावशी म्हणतात. नसीमही मावशीच म्हणते, कारण पंचवीस वर्षांपूर्वी यातल्याच एका खुंटीला तिची पिशवी असायची.

आणि मुंगी? ती तर तुमच्याआमच्या सगळ्यांच्या घरातली. लेकरू धडपडलं, ओठ वाकडे झाले, आता भोंगा सुरू होणार, एवढ्यात कुणीतरी मोठं माणूस टाळी वाजवून ओरडतं, "अरेरे, मुंगी मेली बघ!" लेकरू खाली बघतं. मुंगी शोधतं. तोवर रडू कुठल्या कुठे. सगळ्याच घरांत हे अधूनमधून होतं. चंद्रामावशीकडे ते दिवसभर चालतं, कारण तिच्याकडे पडणारी पोरंच जास्त.

"डॉक्टरांनी तिला विचारलं, बाळा, कुठे दुखतं?" नसीम सांगत होती. "ही म्हणते, नाही दुखत, मुंगी मेली. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, मावशी... मी लॅबमध्ये काम करते म्हणून सांगितलं होतं त्यांना. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं."

"लॅबचं निघालंच हाय तर एक सांग. मागं मला शुगर बघायला घेऊन गेली होतीस. तिथं एका पोराला सुई टोचताना काय म्हणालीस? ह्या कानानं ऐकलंय मी. काही नाही होणार बेटा, मुंगी चावेल. तुझी मुंगी चालती, माझी नाय चालत?"

"ते वेगळं."

"कसं?"

"ते एका मिनिटाचं असतं!"

"हे पन एका मिनिटाचंच व्हतं बाई."

आतून लहानूचा खोकला आला. लहानू म्हणजे चंद्रामावशीचा नवरा. जन्मभर बाजारात हमाली केली, आता गुडघे गेले म्हणून घरी असतो. बायकांच्या भांडणात तो खोकल्यापलीकडे भाग घेत नाही.

"सोमवारपासून मी हिला आणणार नाही," नसीम म्हणाली. "कॉलेज रोडला डे-केअर आहे. कॅमेरे आहेत तिथे. मोबाइलवर दिसतं पोरगं काय करतंय ते."

"कॅमेऱ्यात पन हसतानाच दिसली असती."

"तुम्हाला नाही कळणार."

"तुम्ही, तुम्ही, तुम्ही. मघापासून ऐकतीय. रांगत होतीस तवापासून मला तू म्हनतीस. आज तुम्ही झाले?"

नसीमने घड्याळ बघितलं. लॅब सातला उघडते, उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं शटरबाहेर उभी असतात. "शनिवारपर्यंत राहू द्या," एवढं बोलून तिने फलकच्या डोक्यावर ओठ टेकवले आणि स्कूटी काढली.

सनी म्हणाला, "मावशी, तू हरली."

"गप. दूध पी."

चंद्रभागेचं माहेर निफाडकडचं. आई द्राक्षाच्या बागेत मजुरीला. घडातले मणी विरळायचं काम म्हणजे मांडवाखाली उभं राहून दिवसभर हात वर आणि मान वर. कात्री थांबली की मुकादमाचं तोंड सुरू. पोरं खाली गोणपाटावर, नाहीतर सरीत खेळत. त्यातलं एखादं तारेला अडकून पडलं, तर आईला वाकता येत नसे. मान वरच ठेवून, कात्री चालूच ठेवून ती तिथून ओरडायची, "मुंगी मेली गं!" आईचा आवाज यायचा, आई यायची नाही. चंद्रभागा सर्वांत थोरली, म्हणून लवकरच ते ओरडण्याचं काम तिच्याकडे आलं.

लग्न होऊन नाशिकला आली तर इथेही तेच. लहानू एक दिवस बाजारातून भाजीऐवजी पोरगी घेऊन आला. सखुबाई नावाची कोथिंबीरवाली पहाटेपासून बसायची, आणि तिची लेक जुड्यांच्या ढिगात झोपायची. गाडी मागे घेताना चाक पोरीच्या अगदी जवळून गेलं, तेव्हा लहानूनेच ओढली तिला. "एवढी दुपारपर्यंत सांभाळ," म्हणाला. एकीची बघून दुसरीने आणली, दुसरीची बघून तिसरीने. मग दवाखान्यात काम करणाऱ्यांची, दुकानात उभं राहणाऱ्यांची, घरकामाला जाणाऱ्यांची. आज कुणी तिला विचारलं, की बाई तुम्ही हे केव्हा सुरू केलं, तर ती म्हणते, "मी कुठं केलं? ते झालं."

पाळणाघरवाल्या बाईला एक गोष्ट पहिल्याच महिन्यात कळते. रडणं साथीसारखं असतं. एकाला लागलं की त्याचं बघून दुसरं, दुसऱ्याचं बघून तिसरं, आणि जे झोपलेलं असतं ते उठून काहीच माहीत नसताना सर्वांत मोठ्याने. मांडी एक आणि पोरं दहा-बारा. अशा वेळी मुंगी मरण्यासारखा दुसरा उपाय नाही. चंद्रामावशीने तर तिला सजवली होती. "काळी होती का लाल?" "दोन पायांची का सहा?" "तिची आई शोधत असंल, बघ बघ!" पोरं गुडघ्याचं रक्त विसरून जमिनीवर पालथी पडायची. आया म्हणायच्या, मावशी, तुमच्याकडे पोरं रडतच नाहीत हो! याहून मोठं बक्षीस तिला ठाऊक नव्हतं.

नसीम गेल्यावर तिने दिवसभर मुंगीचं नाव काढलं नाही. रागच होता तो, दुसरं काही नाही. लहानूला म्हणाली, "बघ आता. इचारून इचारून सांभाळते. कुनी काय बोलायला नको."

शुक्रवारी सकाळी सनी मोरीच्या उंबऱ्याला ठेचकाळला. पडला आणि सवयीने खाली बघू लागला.

चंद्रामावशी त्याच्याजवळ गेली. खाली बसली. "लागलं का सनी?"

सनीने तिच्याकडे बघितलं. असं कुणी विचारलं नव्हतं त्याला. त्याने विचार केला. मग त्याचा चेहरा हळूहळू, अगदी सावकाश, वाकडा झाला आणि तो जो ओरडला, की लहानू आतल्या खोलीतून गुडघे विसरून उठला.

"कुठं लागलं?"

"इथं! आणि इथं! आणि काल पण इथं!"

सनीला मांडी मिळाली हे बघून छोट्या राजने आपणहून बसकण मारली. "मावशी, मला पण लागलं." त्याच्या पाठोपाठ आणखी दोघी पडल्या. एक तर चादरीवर पडली, आधी जागा बघून. जेवणाच्या वेळेपर्यंत त्या खोलीत जे लागलं नव्हतं ते सगळं लागून झालं. आईने चापट मारलेली, दादाने ओढलेले केस, गेल्या दिवाळीतला चटका. भात करपला.

लहानू दारात उभा राहून म्हणाला, "चांगली मुंगी होती. कशाला जिती केली?"

"तू आत जा."

"मी म्हनतो एवढं सारं साठलं होतं यांच्या पोटात?"

कढई घासताना चंद्रामावशीचा हात मध्येच थांबला. साठलं होतं खरं. गेल्या दिवाळीतलं साठलं होतं.

एकटी फलक त्या गोंधळात काही म्हणाली नव्हती. भिंतीला टेकून, प्लास्टरचा हात मांडीत घेऊन ती बाकीच्यांची रडारड बघत राहिली होती. जिचं हाड खरंच दुखावलं होतं ती.

शनिवारी दुपारी पोरं झोपली. पंखा फिरत होता. चंद्रामावशी कडेला आडवी झाली, तर फलक टक्क जागी. डाव्या हाताचं बोट प्लास्टरच्या काठातून आत घालायचा प्रयत्न चालला होता.

"काय गं?"

"मुंगी."

 चंद्रामावशीला वाटलं, आता ही पण मला टोमणा मारते की काय.

"मुंगी मेली नाही मावशी," फलक कुजबुजली. "आत गेली. आत चालते."

"खाजतं होय?"

"मुंगी चालते." फलकला हे जास्त बरोबर वाटत होतं. घरी ती हिंदी बोलते, पण मुंगी तिला इथे भेटली होती, त्यामुळे मुंगीचं सगळं ती मराठीतच बोलायची.

चंद्रामावशी उठून बसली. पुठ्ठ्याने प्लास्टरच्या काठावर वारा घातला. "काय करती ती आत?"

"बसली. आता उठली. अंधार आहे ना."

"भ्यायली असंल."

"हो." फलक जरा जवळ सरकली. "ती पडली तेव्हा तिला खूप दुखलं होतं."

"मंग बोलली का नाय?"

"ती मेली होती ना."

पंखा फिरत राहिला. चंद्रामावशीने पुठ्ठा या हातातून त्या हातात घेतला. "आन् आता काय म्हनती?"

"म्हणते, सोमवारी तिला दुसरीकडे टाकणार. तिथे टीव्हीत दिसतं सगळं. तिला नाही जायचं."

"मुंगीला नाय जायचं?"

"नाही."

"आन् फलकला?"

हे अवघड होतं. फलकने प्लास्टरकडे बघितलं, झोपलेल्या सनीकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं. मुंगीचं सांगणं सोपं असतं. मुंगीवर कुणी रागवत नाही. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मला पण नाही." आणि मग तिचे डोळे भरले. आवाज नव्हताच. नुसतंच पाणी.

चंद्रामावशीच्या तोंडापर्यंत सवयीचे शब्द आले होते. तिने ते येऊ दिले नाहीत.  शेवटी ती एवढंच म्हणाली, "अम्मीला सांग."

"अम्मीला मुंगी आवडत नाही."

"मुंगीचं नको सांगू. तुझं सांग."

संध्याकाळी फलकला न्यायला तिचा बाप फारुख आला. फ्रिज दुरुस्तीची बॅग पुढे, लेक मागे, "चलतो मावशी," म्हणून गेला. पोरं गेल्यावर चंद्रामावशी ओटा धूत नाही, नुसती बसते. त्या दिवशी लहानू तिच्या शेजारी येऊन बसला.

"नसीमची आई रिक्षात बसून गेली व्हती, आठवतं का तुला?" तिने विचारलं.

"कवा?"

"ही चार-पाच वर्षांची असंल. नवराबायकोचं वाजलं होतं. धाकट्या मुन्नाला काखेत मारलं, कपडे घेतले, मालेगावला माहेरी निघाली. याच गल्लीतून. नसीम माझ्याकडे होती. तिला रिक्षा दिसली, रिक्षात अम्मी दिसली. पळाली मागं. त्या विजेच्या खांबापाशी पडली, दोन्ही गुडघे फुटले."

"मंग?"

"मंग काय. मी गेले मागं. म्हनलं, मुंगी मेली बघ. हसली."

लहानूने खांबाकडे बघितलं.

"आई पावसाळा संपल्यावर परत आली. तवर नसीम एक दिस रडली नाय. मी लोकांला सांगायचे, पोरगी लय समजूतदार."

"होतीच समजूतदार."

"चार वर्साचं पोरगं समजूतदार नसतं रे," ती म्हणाली. "मीच आपली तसं म्हनत होते."

सोमवारी पावणेसातला गल्लीत स्कूटी वाजली. नसीम एकटी नव्हती. मागे फलक होती, नवीन फ्रॉक, प्लास्टरला ओढणीची झोळी.

"सामान न्यायला आले," नसीम उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "हिची चादर, पेला, कपडे. डे-केअर नऊला उघडतं. तोवर फारुखच्या दुकानावर बसेल."

"दुकानावर? गॅसच्या नळकांड्यात?"

"मावशी, सकाळी सकाळी नको."

"बरं." चंद्रामावशीने खुंटीवरची पिशवी काढली. चादरीची घडी घातली, स्टीलचा पेला पुसून त्यावर ठेवला. तिने ठरवलं होतं, एक शब्द बोलायचा नाही. पोरीने सांगितलं असेल तर सांगितलं असेल. नसेल तर आपण सांगायचं नाही; ते तिचं आहे.

नसीमने पिशवी घेतली. "चलो फलक."

फलक हलली नाही.

"चलो बेटा, देर हो रही है."

"मुझे नहीं जाना."

"नाटक नहीं."

"मुझे नहीं जाना, अम्मी!" फलकने पेला ओढून काढला आणि छातीशी धरला. मग तोंड उघडून ती रडायला लागली. मोठ्याने, नाकातोंडातून. आत सनी दूध पिता पिता थांबला. समोरच्या घरातल्या बाईने खिडकी उघडली.

"ये क्या है? अरे, लोग देख रहे हैं. फलक! चुप. कुछ नहीं हुआ."

"हुआ!" फलक ओरडली. "दुखता है! तू मुझे यहाँ से निकालेगी तो दुखता है!"

नसीमने मावशीकडे बघितलं. "हे तू शिकवलंस हिला."

"नाय."

"मग कुठून आलं? काल बाहुलीचा हात मोडला तर बाहुलीच्या नावाने रडत होती. आज हे. अशी कधी करत नव्हती ती!"

"नव्हती करत," चंद्रामावशी म्हणाली. "तूही नव्हतीस."

"माझं काय मधेच?" नसीम वाकली, एका हाताने तिने फलकचे डोळे पुसले, घाईघाईत, दुसऱ्या हातात पिशवी तशीच. "बस बस. रोना नहीं. वो देख, वो देख नीचे..." तिचं बोट ओट्याच्या फरशीकडे गेलं, आणि वाक्य तिथेच राहिलं. फरशीवर काही नव्हतं. ती त्या फरशीकडे बघत तशीच वाकून राहिली.

चंद्रामावशीने ओट्याच्या कडेला हात टेकला.

"नसीम, एक इचारू? तुझी अम्मी रिक्षातून गेली, तू मागं पळालीस, त्या खांबापाशी पडलीस. त्या दिवशी तुला लय लागलं होतं का गं?"

नसीम सरळ झाली. खांब अजून तिथेच आहे. आता त्याला केबलच्या वायरींचं भेंडोळं लटकतं. तिने खांबाकडे बघितलं की गल्लीच्या तोंडाकडे, ते चंद्रामावशीला कळलं नाही. फलकचं रडणं उचकीवर आलं होतं. आतून लहानूचा खोकला आला नाही.

नसीमने हातातली पिशवी उंबऱ्याच्या आत ठेवली. फलकच्या झोळीची गाठ सुटत होती ती घट्ट केली. आपली चप्पल नीट केली, ओट्यावरून उतरली, स्कूटी वळवली, आणि फलकला मावशीपाशी ठेवून, मागे न बघता गल्लीतून निघून गेली.